पी ०१७१: गाडी ‘लीन’ दाखवते तेव्हा आधी आकडे बघा, पाना नंतर

पुण्याहून साताऱ्याला निघालो होतो. खंबाटकीचा चढ अर्धा झाला आणि मीटरमध्ये इंजिनाचं पिवळं चित्र उजळलं. गाडी बंद पडली नाही, आवाजही बदलला नाही. फक्त तिसऱ्या गिअरमध्ये पाय दाबूनही ओढ कमी वाटत होती. पुढे एका गॅरेजमध्ये स्कॅनर लावला, पी ०१७१ (मिश्रणात पेट्रोल कमी पडतंय) हा कोड निघाला, ‘ऑक्सिजन सेन्सर गेलाय’ असं सांगण्यात आलं आणि मी तो बदलून घेतला. आठ दिवसांनी त्याच घाटात दिवा परत लागला. मग महिनाभर वाचत, विचारत आणि मोजत खरं कारण सापडलं. ते पेट्रोलच्या टाकीत होतं. सेन्सर पहिल्यापासून खरं सांगत होता.

ज्यांच्या छोट्या पेट्रोल गाडीत हा कोड पहिल्यांदाच आलाय, त्यांच्यासाठी हे लिहितोय. यातलं बरंचसं तुम्ही स्वतः घराखाली उभं राहून करू शकता. जे करू नये, तेही सांगतो.

कोड नेमकं काय सांगतो

पेट्रोल नीट जळायला एक किलो पेट्रोलमागे साधारण १४.७ किलो हवा लागते. सायलेन्सरच्या सुरुवातीला बसवलेला ऑक्सिजन सेन्सर जळून बाहेर पडलेल्या वायूत किती ऑक्सिजन उरलाय ते बघतो. जास्त उरला तर मिश्रण ‘लीन’, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी. इंजिनाचा कॉम्प्युटर, ज्याला गॅरेजमध्ये सगळे ईसीएम म्हणतात, लगेच इंजेक्टर जरा जास्त वेळ उघडा ठेवून ती तूट भरून काढतो. या भरपाईला फ्यूएल ट्रिम म्हणतात.

ट्रिम दोन असतात. कणीक मळताना पीठ कोरडं लागलं की आपण पाण्याचा एक हबका मारतो, तो शॉर्ट टर्म ट्रिम. आणि ‘या गव्हाला पाणी जास्तच लागतं’ हे चार दिवसांत हाताला पाठ होतं, तो लाँग टर्म ट्रिम. आकडा अधिक असेल तर पेट्रोल वाढवलंय, उणे असेल तर कमी केलंय. दोन्हींची बेरीज पाच टक्क्यांच्या आसपास असेल तर गाडी ठीक, दहाच्या वर गेली तर लक्ष द्यायचं. बहुतेक गाड्यांत ती वीस-पंचवीसच्या पुढे गेली की ईसीएम हात टेकतो आणि पी ०१७१ नोंदवून दिवा लावतो.

कोडमध्ये ‘बँक १’ लिहिलेलं असतं, त्याने गोंधळू नका. बँक म्हणजे सिलिंडरांची रांग, आणि तीन किंवा चार सिलिंडरच्या छोट्या गाडीत एकच बँक असते.

म्हणजे हा कोड कुठल्याही पार्टचं नाव घेत नाही. हवा मोजली जात नसेल, पेट्रोल पुरत नसेल किंवा मोजणारा चुकत असेल, या तिन्हींत कोड तोच येतो. तिन्हींतलं कुठलं ते ट्रिमच्या आकड्यांवरून कळतं, म्हणून पार्ट मागवण्याआधी आकडे.

काय काय लागेल

- गाडीच्या कॉम्प्युटरमधले कोड आणि आकडे फोनवर दाखवणारा ब्लूटूथचा ओबीडी अडॅप्टर (ईएलएम ३२७ या नावाने मिळतो, काही शे रुपयांपासून) आणि फोनवर टॉर्क किंवा कार स्कॅनर यांसारखं एखादं अ‍ॅप
- चांगला टॉर्च, हातमोजे, पाण्याची स्प्रे बाटली, हातभर लांब रबरी नळी
- वही. फोनमधले स्क्रीनशॉटही चालतील, पण वही बरी
- सर्व्हिसची जुनी बिलं, वॉरंटीचे कागद, मागची पीयूसी
- गाडी चालवताना आकडे वाचायला दुसरा माणूस

आपल्याकडे २०१३ नंतर बनलेल्या जवळजवळ सगळ्या पेट्रोल गाड्यांत ओबीडीचं सोळा पिनांचं सॉकेट स्टिअरिंगखाली, गुडघ्याच्या वर कुठेतरी असतं. अडॅप्टर लावायचा, चावी ऑन करायची, फोन जोडायचा.

गाडी वॉरंटीत असेल तर कोड वाचून, फोटो काढून थेट कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जा. काहीही खोलू नका.

१. दिवा स्थिर आहे की लुकलुकतोय ते बघा

स्थिर असेल तर हळू चालवत घरी जाता येतं. लुकलुकत असेल तर इंजिन मिसिंग करतंय (एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल जळतच नाही), न जळलेलं पेट्रोल धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जातंय आणि तो तापून खराब होऊ शकतो. बाजूला घ्या, इंजिन बंद करा, टोइंग बोलवा. पेट्रोलचा वास येत असेल तरी तेच.

२. कोड उडवू नका

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. गॅरेजमध्ये स्कॅनर लावला की पहिलं बटण कोड डिलीट करायचं दाबलं जातं, किंवा कुणीतरी बॅटरीची वायर काढून ठेवायला सांगतं. दिवा जातो आणि त्यासोबत दोन मौल्यवान गोष्टी पुसल्या जातात: शिकलेला लाँग ट्रिम आणि फ्रीज फ्रेम.

फ्रीज फ्रेम म्हणजे कोड नोंदवला त्या क्षणाचं टिपण. त्यात वेग, आरपीएम, इंजिनावरचा लोड, कूलंटचं तापमान आणि दोन्ही ट्रिम असतात. अ‍ॅपमध्ये ‘फ्रीज फ्रेम’ उघडून सगळं वहीत उतरवा. सिग्नलला उभे असताना कोड आला की चढावर, एवढ्याने अर्धी दिशा ठरते. माझ्या पहिल्या फेरीत हे टिपण कुणी बघितलंच नाही. दुसऱ्या वेळी बघितलं तेव्हा त्यात २६०० आरपीएम, लोड ८० टक्क्यांच्या वर आणि लाँग ट्रिम अधिक २१ असं होतं. गाडी घाटातच अडत होती, याची ती लेखी साक्ष होती.

पी ०१७१ च्या सोबत दुसरा कुठला कोड आहे का तेही लिहा. पी ०३०० पासूनचे कोड मिसिंगचे असतात.

३. दिवा लागायच्या आधी गाडीला कुणाचा हात लागला होता?

सर्व्हिसनंतर आठवड्याभरात दिवा आला असेल तर आधी तेच तपासा. एअर फिल्टरच्या डब्याची क्लिप नीट बसली नाही, ऑइल टाकायचं झाकण सैल राहिलं, डिपस्टिक पूर्ण आत गेली नाही, थ्रॉटल बॉडी (इंजिनात जाणाऱ्या हवेची झडप) साफ करताना पाइपची पट्टी आवळायची राहिली. या चार गोष्टी दोन मिनिटांत बघून होतात आणि फुकट असतात.

पावसाळ्यात उंदीर. खरंच. बॉनेटखालच्या उबेला ते येऊन बसतात आणि पातळ रबरी नळ्या, वायरी कुरतडतात. लेंड्या किंवा कापसाचा चोथा दिसला तर आजूबाजूची प्रत्येक नळी बोटाने फिरवून खालच्या बाजूनेही बघा.

आणि सीएनजी. पुण्या-मुंबईत निम्मा गोंधळ इथे होतो, म्हणून जरा थांबून सांगतो. बाहेरून बसवलेल्या सीएनजी किटचा कॉम्प्युटर पेट्रोलच्या इंजेक्टरची वेळ घेऊन त्यावरून गॅस किती सोडायचा ते ठरवतो. किटचं ट्यूनिंग चुकलं, गॅसचा फिल्टर तुंबला किंवा रिड्यूसरचा (गॅसचा दाब कमी करणाऱ्या भागाचा) दाब उतरला की गॅसवर मिश्रण लीन होतं. मूळ ईसीएमला गाडी गॅसवर आहे हे बऱ्याचदा माहीतच नसतं. तो बिचारा ट्रिम वाढवत जातो आणि मग गाडी पेट्रोलवर घेतली की वेगळीच तक्रार सुरू होते. म्हणून दोन दिवस फक्त पेट्रोलवर चालवून ट्रिम बघा. पेट्रोलवर आकडे खाली येत असतील तर इंजिनाला हात लावू नका, किटवाल्याकडे जा. शिवाय गॅस सोडण्यासाठी मॅनिफोल्डला (सिलिंडरांकडे हवा नेणाऱ्या नळ्यांच्या संचाला) जी भोकं पाडून नोझल बसवलेले असतात, तिथूनही हवा ओढली जाऊ शकते.

४. तुमच्या गाडीत हवा कोण मोजतं?

इंटरनेटवरचे बरेच सल्ले मॅफ सेन्सरच्या गाड्यांसाठी असतात. मॅफ एअर फिल्टरच्या लगेच पुढच्या पाइपवर बसतो आणि आत जाणारी हवा प्रत्यक्ष मोजतो. त्याच्या पुढे कुठे चीर असेल तर तिथून शिरणारी हवा न मोजताच आत जाते, आणि मिश्रण हमखास लीन होतं. पण आपल्याकडच्या कितीतरी छोट्या हॅचबॅकमध्ये मॅफ नसतोच. तिथे इनटेक मॅनिफोल्डवर मॅप सेन्सर असतो, जो फक्त आतला दाब बघून हवेचा हिशेब करतो. अशा गाडीत चोरून शिरलेल्या हवेनेही दाब वाढतो, मॅपला ते दिसतं आणि ईसीएम पेट्रोल वाढवतो. त्यामुळे गळतीचं लक्षण बहुतेकदा लीन कोड नसून वर चढलेलं आयडलिंग (पाय न दाबता उभ्या गाडीत इंजिन फिरण्याचा वेग) हे असतं. मॅपच्या गाडीत पी ०१७१ आला तर संशयाची सुई पेट्रोलच्या पुरवठ्याकडे आधी वळवा. हे मला सुरुवातीला कुणी सांगितलं असतं तर माझे तीन रविवार नळ्यांवर फवारे मारण्यात गेले नसते.

ओळखायचं कसं? अ‍ॅपच्या लाइव्ह डेटामध्ये हवेचा आकडा ग्रॅम प्रति सेकंद असा मिळतो की मॅनिफोल्डचा दाब किलोपास्कलमध्ये, ते बघा. काही अ‍ॅप पहिला आकडा स्वतःच हिशेब करून दाखवतात, म्हणून बॉनेट उघडून फिल्टरच्या पाइपवर वायर लावलेला सेन्सर आहे का याचीही खात्री करा.

मॅप ठीक आहे का हे तपासायला चावी ऑन करा, इंजिन चालू करू नका. मॅपने त्या गावाच्या हवेचा दाब दाखवला पाहिजे: मुंबईत १०० ते १०१ किलोपास्कल, पुण्यात ९५ च्या आसपास, महाबळेश्वरला ८६. इंजिन तापून आयडलवर आलं की तो साधारण २५ ते ४० पर्यंत उतरतो. पुण्यात बंद इंजिनावर ८५ दाखवत असेल तर सेन्सर दाब कमी सांगतोय, म्हणून ईसीएम पेट्रोल कमी देतोय.

मॅफ असेल तर तो मळल्यावर हवा कमी मोजतो. त्यावर मॅफसाठीच मिळणारा क्लीनर मारायचा, तारेला बोट किंवा कापूस लावायचा नाही, पूर्ण सुकू द्यायचं. कार्ब्युरेटर क्लीनर त्यावर मारू नका.

५. तीन ठिकाणचे ट्रिम लिहून घ्या

सगळ्या लेखात हीच पायरी सर्वात महत्त्वाची. इंजिन पूर्ण तापू द्या, एसी बंद ठेवा आणि शॉर्ट व लाँगची बेरीज तीन प्रसंगी लिहा.

पहिला प्रसंग, आयडलवर दोन मिनिटं. दुसरा, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून २५०० आरपीएमवर एक मिनिट स्थिर रेस. तिसरा, प्रत्यक्ष चढावर तिसऱ्या गिअरमध्ये, पाय अर्धा-पाऊण दाबून. तिसऱ्यात पाय पूर्ण दाबू नका. तसं केलं की ईसीएम सेन्सरकडे बघणं सोडून ठरलेलं जास्त पेट्रोल देतो आणि ट्रिमला अर्थ राहत नाही. आणि आकडे शेजारी बसलेल्याने वाचायचे. घाटात चालवणाऱ्याने फोनकडे बघायचं नाही, एकदाही नाही.

आता वाचा. आयडलवर जास्त आणि रेस दिल्यावर खाली उतरत असेल तर हवेची गळती. चीर तेवढीच राहते पण इंजिन ओढत असलेली हवा अनेक पटींनी वाढते, म्हणून तिचा वाटा नगण्य होतो. उलट आयडलवर ठीक आणि लोडवर वाढत असेल तर पेट्रोल पुरत नाही, किंवा मॅफच्या गाडीत मॅफ मळलाय. तिन्ही ठिकाणी सारखाच जास्त असेल तर इंजेक्टर, दाब, मोजणारा सेन्सर किंवा पेट्रोलचा प्रकार.

माझे आकडे आयडलवर अधिक ७, रेसवर अधिक १०, चढावर अधिक २५ होते. इतकं स्वच्छ चित्र होतं की आज वही उघडली तरी वाईट वाटतं.

पेट्रोलच्या प्रकाराबद्दल थोडं. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्यामुळे त्याला हवा कमी लागते. ई-२० साठी ते प्रमाण १४.७ ऐवजी १३.५ च्या आसपास येतं. म्हणजे जुन्या पेट्रोलवर ट्यून झालेल्या गाडीला तेवढ्याच हवेसाठी चार ते आठ टक्के जास्त इंधन द्यावं लागतं, आणि ते ट्रिममध्ये दिसतं. एवढ्याने एकट्याने हा कोड येणं अवघड आहे. पण ईसीएमची उरलेली मोकळीक त्यात खर्च होते, आणि पूर्वी खपून गेला असता असा छोटा दोष आता दिवा लावतो.

६. आकडे गळतीकडे बोट दाखवत असतील तर

बॉनेट उघडून इंजिन आयडलवर ठेवा. सैल कपडे, ओढणी, मफलर दूर; पंख्याचा पट्टा फिरत असतो. रबरी नळीचं एक टोक कानाशी धरून दुसरं टोक प्रत्येक जोडाजवळून फिरवा. हवा ओढत असेल तिथे ‘स्स’ असा आवाज स्पष्ट येतो. बघायच्या जागा: फिल्टर ते थ्रॉटल पाइपच्या घड्यांतल्या चिरा, पीसीव्हीची (इंजिनातली वाफ परत आत ओढणारी) नळी, ब्रेकला जोर देणाऱ्या बूस्टरची नळी, मॅनिफोल्डचं पॅकिंग, इंजेक्टरच्या खालच्या ओ-रिंगा.

संशयाच्या जागी पाण्याचा बारीक फवारा मारा. आयडलिंग क्षणभर बदललं तर जागा सापडली. विजेच्या जोडांवर पाणी नको. बरेचजण कार्ब क्लीनर मारतात. तापलेल्या सायलेन्सरवर पडला तर भडका उडतो, म्हणून मी सांगणार नाही. उदबत्तीचा धूर लावून बघायची पद्धतही ऐकाल. पेट्रोलच्या पाइपाशेजारी निखारा नेऊ नका. नाहीच सापडली तर स्मोक टेस्टचं मशीन असलेलं गॅरेज शोधा. तेच काम तिथे सुरक्षितपणे होतं.

ब्रेक दाबल्यावर आयडल डळमळत असेल तर बूस्टर. टाकीतली पेट्रोलची वाफ इंजिनात सोडणारा पर्ज व्हॉल्व्हही बघा: थंड इंजिन आयडलवर असताना कॅनिस्टरकडची (वाफ साठवणाऱ्या डब्याकडची) नळी काढून बोट लावलं आणि सतत ओढ जाणवली, तर तो उघडा अडकलाय.

७. आकडे पेट्रोलकडे बोट दाखवत असतील तर

इथून पुढे गॅरेज. इंधनाच्या लाइनमध्ये साधारण तीन ते चार बार दाब असतो, नेमका आकडा त्या मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये मिळतो. लाइन खोलण्याआधी पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवावं लागतं, नाहीतर तापलेल्या इंजिनावर पेट्रोलची चिळकांडी उडते. डायरेक्ट इंजेक्शनच्या टर्बो गाड्यांत तर पुढचा दाब शेकडो बारपर्यंत जातो. तिथे फक्त प्रशिक्षित माणूसच.

मिस्त्रींना एवढं नक्की सांगा: ‘नुसता आयडलवरचा दाब बघू नका, पंप किती पेट्रोल देतोय तेही मोजा.’ माझ्या गाडीत आयडलवर दाब अगदी बरोबर होता, कारण आयडलवर पेट्रोल लागतंच किती? आमच्या भागातल्या एका जुन्या मिस्त्रींनी पंप ठरावीक सेकंद मापाच्या भांड्यात चालवला, तेव्हा धार बारीक असल्याचं दिसलं. मागच्या सीटखालचं झाकण उघडून पंपाचा संच बाहेर काढला तर तळाची जाळी काळ्या-तपकिरी गाळाने भरलेली होती. बऱ्याच छोट्या गाड्यांत फिल्टरही याच संचात असतो, बाहेर वेगळा नसतो, म्हणून वर्षानुवर्षं तो कुणाच्या यादीत येत नाही. हे काम करताना टाकी पाव भागापेक्षा कमी भरलेली असावी, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढलेली असावी आणि संचाखालची रबरी सील नवीच घालावी. जुनी सील परत बसवली तर टाकी भरल्यावर गाडीत वास येतो.

दाब आणि धार दोन्ही ठीक असतील तर इंजेक्टर. ते काढून मशीनवर साफ करून चारींची धार सारखी आहे का ते बघतात.

८. सेन्सरवर संशय सगळ्यात शेवटी

साधा ऑक्सिजन सेन्सर ०.१ ते ०.९ व्होल्टमध्ये सतत वर-खाली होतो. खाली म्हणजे लीन. तापलेल्या इंजिनावर झटकन रेस द्या, आकडा ०.८ च्या वर उडी मारत असेल तर सेन्सर जिवंत आहे. काही नव्या गाड्यांत वेगळ्या प्रकारचा सेन्सर असतो, त्याला ही कसोटी लागू नाही.

सेन्सरच्या आधी सायलेन्सरला चीर असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाते आणि मिश्रण ठीक असूनही तो लीन सांगतो. सकाळी थंड इंजिन चालू केल्यावर टिकटिक ऐकू येते आणि तापल्यावर कमी होते का, ते बघा. पीयूसीच्या कागदावर लॅम्डा (हवेचं प्रमाण योग्य प्रमाणाच्या किती पट आहे तो आकडा) छापलेला असेल तर एकपेक्षा बराच जास्त आकडाही हीच शंका दाखवतो.

९. दुरुस्तीनंतर

आता कोड उडवा. लाँग ट्रिम शून्यावर येतो आणि नव्याने शिकतो. दिवा गेला म्हणून लगेच खूश होऊ नका. बऱ्याच गाड्यांत हा कोड लागोपाठ दोन फेऱ्यांत दोष दिसल्यावरच दिवा लावतो. शंभर-दीडशे किलोमीटर शहरात आणि हायवेवर चालवा, मग पाचव्या पायरीतले तीनही आकडे पुन्हा घ्या, शक्यतो त्याच चढावर, आणि जुन्या आकड्यांच्या शेजारी लिहा.

मी टाकीचं काम झाल्यावर पुढच्या रविवारी बायकोला शेजारी बसवून खंबाटकी चढलो. ती मोठ्याने वाचत होती: सात, आठ, सात, आठ. वर पोचून थांबलो तेव्हा आयडलवर अधिक ६ होते. ते सहा इथेनॉलचे समजून मी सोडून दिले.